या महिन्यात चावी आमच्याकडे

हातभर लांब, वर आडवा दांडा,
टोकाला चौकोनी खोबण.
या महिन्यात ती आमच्या दाराआड उभी आहे,
विड्यांच्या सुपाशेजारी,
तेंदूच्या पानांची ओली चवड सरकवून जागा केली तिला.

पहाटे साडेचारला उठते.
गल्लीच्या तोंडाशी फरशी सरकवायची,
झुरळं पळेपर्यंत थांबायचं,
मग डावीकडे अडीच फेरे.
अडीचच.
तीन झाले की सगळं पाणी उताराला जातं
आणि वरच्या घरांचे नळ नुसते खाकरतात.

महापालिकेचं पाणी पाचव्या दिवशी,
कधी सहाव्या,
कधी फक्त पेपरात.
मधले दिवस आमचे.
बोअर, मोटर, वरची टाकी
छप्पन्न घरांची आहे.
टाकीवर कुणाचं नाव नाही.
एकानं विचारलं होतं, रंग मी देतो, नाव तेवढं घाला.
इरप्पा हत्तुरे म्हणाला, रंग राहू द्या साहेब,
गळती कुठंय ते दिसत नाही मग.

वही चार लिप्यांत.
ज्याची पाळी, त्याचं अक्षर:
मराठी, तेलुगू, कन्नड,
आणि रुक्साना नदाफचं उजवीकडून निघालेलं उर्दू.
बेरीज सगळ्यांनाच वाचता येते.

मागच्या मार्चात मोटर जळाली.
माग बंद पडल्यावर कळतं तसंच कळलं,
झोपेत,
आवाज नसल्यामुळं.

तिसऱ्या दिवशी एक पोरगा आला, इस्त्रीच्या शर्टातला.
नवी मोटर कंपनी टाकेल,
घराघराला कार्ड,
कार्ड टेकवा, पाणी घ्या.
वहीची कटकट नको, पाळी नको, मीटिंग नको.
खरं सांगते, मला पटलं होतं.
हजार विड्या वळून जी बोटं उरतात
त्यांना पेन धरायचा कंटाळा येतो.
अजून चार-पाच माना हलल्या.

तेव्हा नरसम्मा म्याकल उठली.
तिला मराठी पाण्यापुरतं येतं.
म्हणाली, रात्री दोनला पाणी नाही आलं
तर कोणाचं दार वाजवायचं?
त्यानं नंबर दिला.
नंबर नको, ती म्हणाली. दार.

पोरगा हसला,
मग खरोखरच कागद चाळू लागला.
पानं चांगली होती, गुळगुळीत.
दार कुठं नव्हतं त्यात.

घरटी साडेतीनशे निघाले.
व्यंकटेशमनं टॉवेलचा एक गठ्ठा पडत्या भावात काढला.
दोन घरांनी अजून दिलेले नाहीत.
त्यांची नावं वहीत आहेत
आणि नळाला पाणीही आहे;
दोन्ही वेगवेगळ्या पानांवर.
यावरून भांडण झालं, अजून होतं,
पण भांडायला चप्पल घालावी लागत नाही,
इथंच उंबऱ्यावर बसून होतं.

आता माझंच सांगते.
गेल्या गुरुवारी बहिणीच्या पोरीची हळद.
बहीण उताराला राहते.
मी तीन फेरे दिले.
कुणी पाहिलं नाही.
कुणी पाहिलं नाही म्हणूनच
दिवसभर पानं वाकडी कापली गेली,
दोरा सुटत राहिला.
संध्याकाळी वहीत लिहिलं,
अर्धा फेरा जास्त, दंड वीस रुपये,
खाली माझं नाव.
रुक्सानानं बाजूला सही केली
आणि विचारलं, हळद कशी झाली?

परवा एक तारीख.
चावी जाईल कोपऱ्यातल्या खोलीत,
शेंगा चटणीच्या कारखान्यात कामाला लागलेला पोरगा राहतो तिथं.
काल म्हणाला, मावशी, मी तर भाड्यानं राहतो,
माझी कशी काय पाळी?
म्हटलं, घागर भरतोस ना बे?

पहाटे त्याला घेऊन जाईन.
फरशी तोच सरकवेल.
पहिले दोन फेरे त्याला देऊ दे,
मग हातावर हात ठेवून दाखवीन
अर्धा कुठं संपतो.