चौथी

नौपाड्यात, जिन्यालगतच्या खोलीत बसून
मी फ्रेंच कादंबऱ्यांतली माणसं मराठीत आणते.
पानामागे ठरलेला दर.
जन्मदर हा शब्द आजवर चाळीसदा तरी टाइप केला असेल.
दर वेळी वाटतं, मंडईत कुणी विचारतंय, काय दर लावला?
आणि बाई टोपलीवर पाणी शिंपडत म्हणतेय,
आज मालच कमी आलाय.

पहिल्या कादंबरीत बापाला बारा मुलं आणि गव्हाचं रान.
एकेका बाळंतपणामागे लेखक त्याला
एकेक तुकडा जमीन जोडून देतो.
तीनशे पानांत आई एकदाही दमत नाही.
समासात मी पेन्सिलीने लिहून ठेवलं: दमली असेल.

दुसरीत लढाई हरलेला देश.
मंत्री पाळणे मोजत गावोगाव हिंडतो,
रिकामा पाळणा दिसला की त्याला रिकामी बराक दिसते.
तिथला एक औषधवाला बायकांना गुपचूप चिठ्ठी देतो,
दिवस कसे राहू द्यायचे नाहीत त्याची.
त्याला पकडून नेतात. पुढची तीन प्रकरणं तुरुंग.

इथे मी अडले. दोन दिवस पान उलटलं नाही.

आमचे नाना जिल्हा परिषदेचे पेंटर.
मोखाडा, शहापूर, मुरबाड,
दवाखान्याच्या, चावडीच्या, शाळेच्या भिंतीवर
लाल त्रिकोण, चार हसरे चेहरे,
खाली ठसठशीत: दोन किंवा तीन पुरेत.
तिकडे असते तर नाना आत गेले असते
आणि तो औषधवाला इकडे असता
तर त्याला नारळ आणि शाल.

मी चौथी.
शनिवारी नाना मोखाड्याहून आले,
नखांतला लाल रंग रॉकेलनेही निघाला नव्हता,
त्याच हातांनी मला पहिल्यांदा घेतलं, म्हणे.
साहेबांनी सोमवारी छेडलं,
गुप्ते, भिंतीवर पुरेत आणि घरी कमी पडली होय?
नाना म्हणाले, साहेब, रंग उरला होता.

तिसरी कादंबरी अलीकडची.
ओस पडलेलं गाव, बंद झालेली बेकरी,
पान दोनशे बारावर एक म्हातारा हिशेब मांडतो:
आपली किती, त्यांची किती.
या वाक्याला मला काहीच वेळ लागला नाही.
ते मराठीत आधीपासून होतं.

त्याच गावात एक बाई आहे, चाळिशीची.
तिला विचारतात, मूल?
ती एकच शब्द बोलते, नकाराचा, आणि कॉफी ढवळते.
पुढे सगळी पात्रं तिच्या वतीने कारणं शोधत बसतात.
आमच्या मजल्यावर यायच्या तशाच,
विरजण मागायला आल्यासारख्या,
वाटीतून माझ्यासाठी एखादं कारण घेऊन.
तो फ्रेंच शब्द मराठीत आणायचा
तर नाही लिहू की नको?
तिकडे एकात भागतं. इथे निवडावं लागतं.
जागा कोरी ठेवली आहे.

काल भाची आली, ऋता, कोपरीच्या शाळेत शिकवते.
पट घसरला की वर्ग जातो, वर्ग गेला की बाई,
म्हणून भर मे महिन्यात या तिघी-चौघी दारोदार.
कोलशेतच्या टॉवरखाली वॉचमनने अडवलं.
कौनसा फ्लॅट?
जिसमें बच्चा हो, ऋता म्हणाली.
त्याने वर पाहिलं, बत्तीस मजले,
नोंदवहीची पानं चाळली,
तीन कुत्र्यांची नावं सांगितली, मग गप्प झाला.

मग म्हणाला, मेरी है एक.
पंपाच्या खोलीमागून हाक मारून आणली.
फूलमती. बहराइचची. पायात मोठ्या माणसाच्या चपला.
जन्मदाखला नाही, वर्ष कुणालाच आठवत नाही.
ऋताने तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं,
डोक्यावर तळहात आडवा धरला
आणि उंचीवरून
चौथीत बसवली.