टचलाइनवरची वही

खेळता येत नाही तर लिही तरी, म्हणाले वडजीकर सर,
आणि केमिस्ट्रीची अर्धी कोरी वही माझ्या मांडीवर टाकली.
गुडघ्याला पट्टा, कुबडी बाभळीला टेकवलेली,
सकाळचे सव्वासहा.
फाल्गुन अजून संपलेला नाही,
पण मैदानाला ते कुणी सांगितलेलं नाही.

पहिली नोंद: सोळा जण, बूट अकरा जोड.
फक्की मारून झाल्यावर शिपाई म्हणाला,
पेनल्टी बॉक्स यंदा जरा लहान झालाय, फक्की पुरली नाही.
सरांनी पावलांनी मोजला
आणि मान्य केला.

होटगीकडून मालगाडी आली की स्प्रिंट,
शेवटचा डबा जाईपर्यंत थांबायचं नाही.
आज अठ्ठावन्न, सगळे सिमेंटचे.
पुढे दोन इंजिनं दिसली
तेव्हाच मल्लिनाथ हत्तुरे खाली बसला.
तो कन्नडमधून शिव्या देतो, मराठीतून सॉरी म्हणतो.
सरांना फक्त सॉरी ऐकू येतं.

तिरुपती येमूल रात्रपाळी करून येतो,
अक्कलकोट रोडवरून सायकलने, झोपेशिवाय.
केसांत कापसाची लव, भुवयांतही.
डावीकडून असा सुटतो की कुणीतरी म्हणालंच,
अरे हा तर मागावरचा धोटा.
तो चिडला. म्हणाला, धोटा परत येतो रे,
मी परत येत नाही, म्हणून तर सर ओरडतात.

मुद्दस्सरचे रोजे चालू आहेत.
पाण्याच्या सुट्टीत तो चेंडूवर बसून राहतो.
जोएल आता त्याच्याकडे पाठ करून बाटली तोंडाला लावतो.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, कळलं नाही.

गुरुवारी चौघे गैरहजर.
आमच्या भागात नळ पाचव्या दिवशी येतो, त्यांच्या आज आला.
हजेरीत कारणाच्या जागी सर लिहितात: पाणी.
एवढंच. त्यावर कुणाला दंड नाही.

गोलात आता अंबादास म्हंता.
पहिल्या वर्षाचा, माझ्या खांद्याएवढा.
ग्लोव्हज माझे.
मी दिले नाहीत,
सरांनी मागितले, आईने धुऊन दिले.

कॉर्नरला उशिरा निघतो. लिहिलं.
डावीकडे आधीच झुकतो. लिहिलं.
बचावफळीला हाक मारताना लाजतो,
जणू परक्याच्या घरी मीठ मागतोय. तेही लिहिलं.
मंगळवारी तिरुपतीची पेनल्टी अडवली,
उजवीकडची, खालची, पोलच्या मुळाशी.
ते लिहिलं नाही.

शुक्रवारी लिहिलं. तारीख मंगळवारचीच घातली.

आठ वाजता पोलला हात लावता येत नाही, इतका तापतो.
पोरं चहाला गेली. कुणीतरी शेंगाचटणीची पुडी विसरलं,
तिच्यावर मुंग्यांची प्रॅक्टिस सुरू झाली.
अंबादास एकटाच आला, उन्हाकडे तोंड करून बसला.
रेवणदादा, म्हणाला, कॉर्नरला मी निघू कधी?

मला वही उघडायची गरज पडली नाही.
मारणाऱ्याच्या पायाकडे बघू नकोस, म्हटलं,
खांद्याकडे बघ. पाय फसवतो.
खांद्याला फसवायचं सुचेपर्यंत चेंडू सुटलेला असतो.
हे मला तीन वर्षं गोलात उभं राहून कळलं नव्हतं,
इथे बसल्यावर कळलं.
हे मात्र त्याला सांगितलं नाही.

मग मी बसल्या बसल्या हाताने चेंडू फेकत राहिलो
आणि तो निघत राहिला,
आधी उशिरा, मग लवकर,
मग एकदा अगदी वेळेवर,
आणि दोघंही काही बोललो नाही.

जाताना त्याने ग्लोव्हज काढून माझ्यापुढे ठेवले,
चिंब, त्याच्या घामाने.
मी ते बाभळीच्या काट्यांना अडकवले.
वाऱ्यावर थोडे हलले
दोन्ही हात वर करून.

शेवटची नोंद:
उद्या सहाला.
उद्या कुणाकडेच पाणी नाही,
म्हणजे सगळे येतील.