दोन गुण, मंगोलिया

रात्री साडेबाराला भदौरियांकडून खुर्च्या आल्या.
टीव्ही आमचा, इन्व्हर्टर त्यांचा,
गजकाचा डबा कुणाचा ते विचारू नका.
जनकगंजातली अख्खी गल्ली मफलर गुंडाळून जागी,
कारण देश पहिल्यांदाच गाणार होता
आणि देश म्हणजे आमची ऋजुता,
कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या महाडिकांची.

अकरा वर्षं ती आमच्या ओसरीवर बसली.
मी गवई नव्हे. एजी ऑफिसातला लेखापाल.
शिकवायची माझी बायको;
मी फक्त तानपुरा लावून द्यायचो,
जवारीचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे.
षड्ज सापडेस्तोवर घाई नाही, बायको म्हणायची.
या पोरीला तो सापडायला
अख्खा मार्गशीर्ष गेला होता.

नियम असा, की गाणं तीन मिनिटांचं.
तेवढ्या वेळात बायको
नुसती मांडी बदलायची.

आणखी एक: मंचावर वाद्य वाजत नाही,
सूर आधीच भरलेले, गळा तेवढा खरा.
तरी ऋजुतानं तानपुरा धरला होता, शोभेला.
बोटं फिरत होती, आवाज दुसरीकडून येत होता.
कॅमेरा जवळ गेला तेव्हा मला दिसलं,
पंचमाची तार लोंबते आहे.
कुणी लावलाच नव्हता तो.
कशाला लावतील?

भदौरियाला पटला नाही तो तिसराच नियम:
आपल्या देशाला आपण मत द्यायचं नाही.
"मतलब, इतने करोड़ लोग, सब चुप?"
त्यानं तरीही तीनदा फोन लावला.
तीनदा एका बाईनं
अदबीनं नकार दिला.

गाण्यात आगीचे फवारे होते, मागे खोटा धबधबा,
सहाजण उड्या मारत होते, कशासाठी कोण जाणे.
आणि दुसरं मिनिट सरता सरता
तिनं एक मींड घेतली,
धैवतावरून खाली येताना
शेवटच्या पायरीवर जरा रेंगाळणारी.
ती कुणाची, हे मी सांगायला नको.
महाडिक हातातला कप तसाच धरून उभा राहिला.
चार सेकंद असतील. मग पुन्हा आग.

मोजणीला मी जुन्या पंचांगाच्या
कोऱ्या पानावर रकाने आखले. सवय.
एकेक देश, एकेक हसरा माणूस,
आणि आमच्या नावापुढे शून्य.
शून्य.
शून्य, बरोबर "नमस्ते", मोडकंतोडकं.
ऋजुताची आई पदराचं टोक चावत होती.
खुर्च्या एकेक करून परत निघाल्या.
भदौरिया जाताना म्हणाला, सब राजनीति है, काका.

मग मंगोलिया: दोन.

सव्वीस देशांत आम्ही चोविसावे.
टीव्ही बंद केला तरी मी बसूनच.

छत्तीस वर्षं नोकरीत
दोन रुपयांच्या फरकापायी
मी रात्र रात्र वह्या उलटल्या आहेत.
साहेब म्हणायचे, अहो सोडा, राइट ऑफ करा.
मी म्हणायचो, साहेब, हे दोन
कुठून तरी आलेले आहेत.

आता पहाटेचे चार.
नातवाच्या ॲटलासमध्ये उलानबातर सापडलं,
पानाच्या घडीतच, अर्धं शिवणीत गेलेलं.
तिकडे उणे पंचवीस असेल.
कुणीतरी हातमोजा काढला असेल,
बटण दाबायला, आपल्या पदरचे पैसे घालून.
कंटाळून? चुकून?
की त्या चार सेकंदांना
चूल सारखी करता करता
त्याचाही हात थांबला?

तानपुऱ्याची गवसणी काढली.
थंडीनं पंचम उतरला होता, इथलाही.
वर आणला.

पंचांगाच्या पानावर बेरीज जुळते आहे,
दोनदा तपासली.
पण सही अजून केलेली नाही.