डावा हातमोजा

दोन वर्षं चार महिने खपून आम्ही दोघांनी
एक बर्फाचं गाव केलं.
कोड माझा. कुंपणं, धुराडी,
खिडक्यांतला पिवळा उजेड ताव्हेतचा.
खेळ एवढाच, की रस्त्यात सापडलेला एकटा हातमोजा
ज्याचा त्याला नेऊन द्यायचा.
पहिल्या वर्षी दोन हजार तीनशे अकरा प्रती खपल्या.
वरचे अकरा मी मुद्दाम सांगते,
त्यातली एक माझ्या मावशीनं घेतली,
तिच्याकडे कॉम्प्युटर नाही.

मग हेलसिंकीहून करार आला :
पैसे, पाच माणसं, दुसरा भाग, पुढच्या नाताळच्या आत.
ताव्हेत म्हणाला, घेऊन टाकू.
त्याच्या मुलीला दात येत होते,
तिला खांद्यावर टाकून तो रात्रभर
हिशेबाच्या त्याच त्या रकान्याकडे बघायचा.
मी म्हटलं, थांब जरा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण पाय वाढताहेत की अंथरूण आटतंय
हे कुणाला तरी विचारू.

तार्तूत नदीच्या पलीकडे विर्व्हे राहते.
एकेकाळी चाळीस माणसांचा स्टुडिओ होता तिचा,
आता अकॉर्डियन दुरुस्त करते.
खोलीभर उसवलेले भाते, सरसाचा वास,
बशीत मांडलेल्या पितळी पट्ट्या.
मी थंडीबद्दल बोलले. मांजराबद्दल बोलले.
बाजारातल्या बटाट्यांबद्दलसुद्धा.
ती म्हणाली, ताकाला आलीस ना,
मग भांडं काढ की.

मी लॅपटॉप काढला.

चाळीस मिनिटं ती खेळली. एक शब्द नाही.
चहा गार झाला, तिचा आणि माझाही.
तिचा उजवा हात थरथरतो हे मला माहीत नव्हतं.
तिसऱ्या गल्लीत, छपरावरून छपरावर उडी आहे,
तिथे ती पडली. पुन्हा पडली.
मी मोजत होते, एकोणीस वेळा.
मदतीला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला,
पोळपाटावरची माशी सारावी तसा.
‘गाव छान आहे,’ शेवटी म्हणाली,
‘फक्त इथून पुढे मला येता येत नाही.’

मग करार. भिंग लावून, पान पान.
सहाव्या पानावर पेन्सिलीचा एक ठिपका दिला,
रेघ नाही, शेरा नाही.
‘यापुढील सर्व भागांचे हक्क’
लांबलचक वाक्याच्या पोटात
माशातल्या काट्यासारखे पडून होते.

‘पण वाढायचं की नाही?’ मी विचारलं.
ती एक पट्टी ओठांशी धरून फुंकत होती,
सूर किंचित उतरलेला.
‘चाळीस जण होते,
तेव्हा एकतीस जणांची नावं मला यायची.’
‘आणि बाकीचे नऊ?’
‘बंद केलं त्या दिवशी यादीत वाचली.’
पट्टी तिनं कानशीवर घासली, दोनदाच, हलकेच.

दारात तिनं विचारलं, आज बर्फ किती?
काठावरच्या फळ्यावर अकरा सेंटिमीटर लिहिलंय, मी म्हटलं.
‘म्हणजे एक माणूस जाईल.
मोटारीचं मला विचारू नकोस.’
ती नदीबद्दलच बोलत होती का, कोण जाणे.
मी आपली पुलावरून आले.

त्या रात्री आम्ही एकच आकडा बदलला :
उडीला मिळणारा वेळ,
शून्य दशांश चारचा शून्य दशांश नऊ.
ताव्हेत म्हणाला, फार सोपं होईल.
मी म्हटलं, कुणाला?
मुलगी झोपली होती, म्हणून आम्ही कुजबुजत भांडलो.

हेलसिंकीला लिहिलंय, सहाव्या पानावरची ओळ काढा.
उत्तर नाही.
दहा तारखेला भाडं.
आवाजांसाठी आइनिका येते, आठवड्यातून तीन दिवस;
बर्फावरच्या पावलांकरता ती
बटाट्याचं पीठ पिशवीत भरून दाबत बसते,
आणि तिचं नाव आम्हा दोघांना येतं.

काल विर्व्हेचा फोन आला :
एक हातमोजा विसरलीस इथे. डावा.
असू दे तुझ्याकडेच, मी म्हणाले,
अजून पगाराचं विचारायचंय.