इतिवृत्तात न आलेलं

विषय क्रमांक सतरा: नदीवरचा जुना रेल्वेपूल
पाडावा, की पायी चालणाऱ्यांसाठी राखावा.
हजर: सहा सभासद, महापौर,
आणि आज हॉकीचा सामना नसल्यामुळे
गावातली नव्वदेक माणसं.
इतिवृत्त मी लिहिते. एकवीस वर्षं लिहिते आहे.
त्यात 'हुंदका' हा शब्द चालत नाही.
'चर्चा झाली' असं लिहायचं असतं.

तर चर्चा झाली.

अभियंता म्हणाला, पाडायला एकोणतीस लाख डॉलर,
दुरुस्तीला त्रेचाळीस, रंगाचा खर्च वेगळा.
मागून कुणीतरी म्हणालं,
गव्हाची कोठारं गेली, गाडी गेली, बँकही गेली,
उरल्यासुरल्यांनी कुठून कुठे चालायचं?
हशा. (हाही लिहायचा नसतो.)

ओरेस्त हाव्रिलुक उठले. वय ब्याऐंशी.
छत्तीस वर्षं या पुलाचे रिव्हेट तपासलेले.
कोटाच्या खिशातून त्यांनी हातोडी काढली
तेव्हा महापौर जरा मागे सरकले.
टेबलाच्या लोखंडी पायावर ठोकून म्हणाले,
धड असेल तो टण्ण बोलतो,
ढिला झालेला बद्द.
माणसांचंही तसंच, म्हणाले,
आणि पुढचं विसरले.
बसताना हातोडी खिशात जाईना.
बायको म्हणाली, राहू दे, हातातच धर.

मार्लीस क्रोकर म्हणाली, पाडा. एवढंच.
कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही.
तिचा कोडी, सतरा वर्षांचा,
एप्रिलात नदीवरचा बर्फ फुटत होता तेव्हा,
मधल्या खांबापाशी.
नव्या आराखड्यात तिथे एक बाक आहे,
दोघांना बसता येईल असा,
मावळतीकडे तोंड केलेला.
ती भिंतीवरच्या त्या बाकाकडे बघत होती.

मग डेल्फीन मूस्टूस, पलीकडच्या काठावरची, क्री.
म्हणाली, माझ्या आजोबांना राखीव वस्तीबाहेर पडायला
सरकारी एजंटचा पास लागायचा.
पास मिळायचा नाही.
आजी इकडे इस्पितळात, छातीच्या दुखण्याने.
म्हणून रात्री मालगाडी गेली रे गेली
की ते स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत यायचे,
अंधारात मोजत, मधल्या फटीतून खाली नदी.
तुम्ही विचारताय, हा पूल चालण्यासाठी करावा का.
आम्ही यावरून कधी बसून गेलो?

कुणी टाळी वाजवली नाही.
राखा म्हणतेस ना, महापौरांनी अंदाज घेतला.
ती म्हणाली, तेच ठरत नाहीये माझं.
कठडे लावलेत, दिवे लावलेत,
तर त्यांची भीती कुणाला कळायची नाही.
पाडलात, तर म्हणाल, कोण आजोबा?

मतं तीन विरुद्ध तीन.
महापौरांनी बराच वेळ चष्मा पुसला.
मी लिहिलं: चर्चा झाली. विषय वसंतापर्यंत तहकूब.

खुर्च्या मिटवल्या, कॉफीचं भांडं धुतलं,
निघाले तर गाडी आपसूक नदीकडेच वळली.
उणे बावीस. आभाळ कोरडं, लख्ख.
'प्रवेश बंद'च्या पाटीखाली जाळीला भोक आहे,
सगळ्या गावाला ठाऊक असलेलं.
सोळाव्या वर्षी मीही त्यातून गेले होते,
कुणाबरोबर, ते इतिवृत्तात नाही.

आता वाकताना गुडघा कुरकुरला.
पहिल्याच तुळईवर, हाताला येईल त्या रिव्हेटवर
सभागृहाच्या किल्लीने ठोकलं.
टण्ण की बद्द, काही कळेना.
मागे रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती,
दिवे बंद, इंजिन घरघरत.
मार्लीसची.
किती वेळची उभी असेल कोण जाणे.

मी हातमोजा काढला. किल्ली बोटांना चिकटली.
पुन्हा ठोकायला हात उचलला
तर तिने इंजिन बंद केलं.