कडीला बांधलेली नारिंगी दोरी

डिसेंबरात आमच्या सामी खोऱ्यात
तांबडं फुटायला साडेनऊ वाजतात,
आणि दुपारचे डबे धुऊन होईस्तोवर
दिवस पुन्हा नॉर्वेच्या डोंगराआड.
नेमक्या याच महिन्यात लेइसाबाई म्हणाल्या,
"वह्या काढा. आज प्रकाश."

याहके शाळेतही कमरेला फास बांधून येई,
रेनडिअर धरायची नारिंगी दोरी.
बाईंनी ती मागून घेतली,
एक टोक दाराच्या कडीला, दुसरं आपल्या मुठीत,
आणि मनगटाला एकच हिसका.
दोरीवरून एक उंचवटा धावत गेला,
कडीवर आपटला, उलटा होऊन परत आला.

"कोण गेलं?"
"दोरी," याहके म्हणाला.
"दोरी तर माझ्या हातात आहे."
वर्ग गप्प.
मग माहके, जी कधीच बोलत नसे,
"हिसका गेला," म्हणाली.
चुकलेलं पाडस कळपात परतल्यावर पाहतात ना,
तसं बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"प्रकाशाला दोरीसुद्धा लागत नाही.
सूर्यापासून इथवर, मधे काही नसताना,
आठ मिनिटांत येतो.
याहके, तुला घरून यायला किती लागतात?"

मग हात सावकाश हलवला.
आळसावलेली, लांबच लांब लाट:
हिच्यावर बसून हवामानाच्या बातम्या येतात
आमच्या चुलीजवळच्या रेडिओत.
जरा भरभर: रस्सा गरम करणारी मायक्रोवेव्ह.
आणखी भरभर: अवरक्त.
हिच्यामुळेच गेल्या हिवाळ्यात
ड्रोनच्या कॅमेऱ्याला काळोखात सापडली
कड्याखाली अडकलेली, याहकेच्या मामाची गाभण मादी,
नुसत्या अंगाच्या उबेचा एक ठिपका.

मग तांबडा ते जांभळा:
फळ्यावर खडूची बोटभर पट्टी.
फळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होता.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच. बाकी सगळ्याला आपले डोळे बंद."

जांभळ्याच्या पुढे खडू टेकवून थोडं हसल्या.
"इथे तुमची जनावरं आपल्यापेक्षा शहाणी."
अतिनील त्यांना दिसतं.
बर्फ ते परतवून लावतं, दगडफूल पिऊन टाकतं,
म्हणून आपल्याला जिथे पांढऱ्यात काहीच उमगत नाही
तिथे त्यांना काळंभोर पान वाढलेलं दिसतं.
लांडग्याची लवही तशीच काळी.
याहकेनं हे वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

हात आता दिसेनासा झाला, इतका भरभर.
क्ष-किरण: स्नोस्कूटरवरून पडले तेव्हाचं
माझं मोडकं मनगट, काळ्या फिल्मवर पांढरं.
"आणि सगळ्यात शेवटी गॅमा,"
म्हणाल्या, आणि थांबल्या.
दोरी फरशीवर पडली.

"मी नऊ वर्षांची होते.
दूर कुठे तरी अणुभट्टी फुटली, वारा इकडचा होता,
आणि पाऊस आला.
दगडफुलाला मुळं नसतात, ते आभाळातूनच जेवतं.
पानगळीत माणसं आली.
जनावराच्या फऱ्याला यंत्र टेकवायची,
यंत्र टकटकायचं.
वडील आकडा ऐकायचे,
टोपी काढायचे, पुन्हा घालायचे.
मांस खड्ड्यात गेलं.
दिसायला नेहमीसारखंच लाल होतं."

कुणीच काही बोललं नाही.
मग याहके, हळूच:
"बाई, पण दोरी तीच ना? रेडिओची, आणि ही?"
"तीच. वेगही तोच. हात वेगळा."

घंटा झाली, पण कडीची गाठ
हिसक्यांनी इतकी घट्ट बसली होती
की दार काही उघडेना.
याहके दातांनी सोडवू लागला,
बाई म्हणाल्या, "दात जातील, मेल्या,"
आणि आम्ही सगळे खिडकीशी उभे.

बाहेर निळसर अंधार.
कुंपणापलीकडे एक म्हातारी मादी
एकाच जागी खुरांनी बर्फ उकरत होती,
अगदी खात्रीनं.
मी काचेला नाक लावून, डोळे बारीक करकरून पाहिलं.
पांढरं.
नुसतं पांढरं.