बारावी खेप

मेलेला माणूस हवा होता त्यांना,
दोनशे रुपये आणि दुपारचं जेवण.
इस्तारीकाका पुढे झाला.
मंडईच्या नाटकात तीनदा मेला होता तो,
एकदा तलवारीनं, दोनदा तापानं,
आणि पडदा पडल्यावर दर वेळी
धोतर झटकून चहा प्यायला होता.

सिनेमात मात्र माणूस एकदम मरत नाही.
आधी पाय मेले, सकाळच्या उन्हात.
हात मेला अकराच्या सुमारास,
हिरोइनीच्या मुठीतून सुटून.
मग सगळे जेवले, मेलेलाही जेवला,
वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.
चेहरा मरायचा राहिला होता.

मी थर्माकोलचा पांढरा फळा धरून उभा,
काकाच्या कपाळावर ऊन पाडत.
श्वास नको, म्हणायचा दिग्दर्शक.
पापणी हलली. पुन्हा.
मुंगी चढली. पुन्हा.
वैनगंगेकडून वारा आला, कापड उडालं. पुन्हा.
बाराव्या खेपेला काका असा मेला
की गर्दीत उभी असलेली पर्बताकाकू
"अवो, उठा ना जी" म्हणत
थेट कॅमेऱ्यात धावली
आणि कुणी तिला अडवलं नाही.
कट म्हणायलाही तो माणूस विसरला काही वेळ.

काका उठला. नाकातला कापूस काढला.
"बेस झालं का?"
काकूनं चार दिवस बोलणं टाकलं त्याच्याशी.

खरा मेला तो सात वर्षांनी,
आरमोरीच्या दवाखान्यात, रात्री, लाईन गेलेली.
तोंड उघडं, एक पाय खाटेबाहेर.
पाय, हात, चेहरा, सगळं एकाच वेळी,
आणि उजेड कुणी धरला नव्हता.
मी मूर्खासारखा थांबलो,
कुणीतरी पुन्हा म्हणेल म्हणून.

काकू रडली नाही. गावानं नावं ठेवली.
"माह्यं रडून झालं ना," ती म्हणाली,
"त्या बाराव्या खेपेले."

सिनेमा आमच्याकडे आलाच नाही कधी.
परवा राईस मिलमध्ये, रातपाळीला,
मोबाईलवर सापडला.
एक तास अठरा मिनिटांवर काका निजलेला.
गोरा दिसतो. तो माझा उजेड.
मी मागे घेऊन पाहिलं, मग आणखी एकदा,
तेव्हा दिसलं:
काकू अंगावर कोसळते
त्याच्या जराशी आधी
छातीवरचं कापड
तांदळाच्या दाण्याएवढं वर येतं,
खाली जातं.

कुणीतरी हे कापलं असेल, जोडलं असेल,
अंधाऱ्या खोलीत शंभरदा पाहिलं असेल.
सुटलं त्याच्या नजरेतून?
की पाहून ठेवलं तसंच?

सकाळी मिलमधून सरळ काकूकडे गेलो.
अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.
पदराला हात पुसून तिनं फोन धरला,
दोन्ही हातांनी, गरम भांडं धरावं तसा.
स्वतःला ओळखलं नाही.
"हे कोन बोंबलते?"
मग कापड हललं.

"थांब. मांगं घे."
मी मागे घेतलं.
"आनखी."
किती वेळा, मोजलं नाही.
शेळीनं मोहफुलात तोंड घातलं होतं,
आम्हा दोघांनाही दिसत होतं.

मग तिनं बोट टेकवलं काचेवर,
छातीपाशी,
आणि चित्र थांबलं,
कापड वर असताना.

"चालू करू का?" मी विचारलं.
"नोको," म्हणाली. "शेळी हाकल आधी."